बंद शेडमधले बंपर

सोपान,

तू गेल्याची बातमी मला नारायणगावच्या एका टेम्पोवाल्याने सांगितली, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "बंडल!" असा. रडू नंतर आलं. आधी संशय आला, आणि त्याला कारणही तूच आहेस. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की तू शेडमागच्या खाटेवर तोंडावर टॉवेल घेऊन पडायचास आणि मला सांगायला लावायचास, "पेंटरला ताप आलाय." गिऱ्हाईक वळलं की टॉवेलाखालून आवाज यायचा, "गेला का रं?" त्यामुळे टेम्पोवाला जेव्हा म्हणाला, "छातीत कळ आली, दवाखान्यात नेईस्तवर खलास," तेव्हा मला वाटलं, याच्या कुठल्या तरी गाडीचा वायदा चुकलेला दिसतोय. तुझ्या गावी, पिंपरी पेंढारला येऊन तुझे पाय बघितले तेव्हा खात्री पटली. अंगठ्याच्या नखात पांढरा रंग अडकलेला होता, आणि तो काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

पाच वर्षं आपण बोललो नव्हतो. मंचरच्या बाजारात समोरासमोर आलो तर "काय राव", "काय न्हाई" एवढं व्हायचं, पण त्याला बोलणं म्हणत नाहीत. म्हणून तुझ्या अंगणात मी उभा राहिलो तेव्हा तुझे भावबंद ज्या नजरेनं माझ्याकडे बघत होते, ती मला लगेच ओळखू आली. हा कशाला आलाय? आता आणखी काय पाहिजे याला? मी त्यांच्या जागी असतो तर मीही तसंच बघितलं असतं.

मला काय पाहिजे होतं ते सांगायलाच हे लिहितोय. तुझ्यावर मी चारचौघांत एक आळ घेतला होता. तो खोटा होता. आणि तो खोटा आहे हे मला तीन वर्षांपासून माहीत होतं. तू जिवंत असताना मी ते कबूल केलं नाही, आणि आता कबूल करायला समोर कुणी नाही.

आठवतंय ना, आपण हायवेला शेड टाकली तेव्हा मंचरात प्लास्टिकच्या बंपरची गाडी बघायला माणसं थांबायची. मी डेंटर, तू पेंटर. आंबेगावच्या पूर्वेकडच्या माळावर माझ्या बापाची हयात मेंढरांमागे गेली आणि माझी पत्र्यामागे. ट्रक, जीप, ट्रॅक्टरचं मडगार्ड, सगळं पत्र्याचं. मी ठोकून सरळ करायचो, तू पुट्टी भरून रंग मारायचास. मग एका हेडमास्तरांची नवी गाडी आली. बंपर गाडीच्याच रंगाचा, आणि त्याला बैलगाडीच्या साटीचा ओरखडा. तू पत्र्याला मारतोस तसाच त्याला रंग मारलास. काय चमकला होता! आठव्या दिवशी हेडमास्तर वर्तमानपत्राची पुडी घेऊन आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "हे तुमचं." आत आपला रंग होता. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसा अख्खा निघून आला होता. मी हसलो. तू हसला नाहीस. दुसऱ्या दिवशी तू भोसरीला कुणा ओळखीच्याकडे गेलास तो चार दिवस आला नाहीस.

परत आलास तो वेगळाच माणूस होऊन आलास. आधी तू फक्त गिऱ्हाइकांना टोप्या घालायचास, आता सगळ्या जगावर संशय घ्यायला लागलास. "बंपरवर कवाच इस्वास ठेवायचा न्हाई," हा तुझा पहिला नियम. कारखान्यातून साच्यातून निघतानाच त्याच्या अंगाला कसलं तरी तेलकट लागलेलं असतं, मालक वर पॉलिश चोळतो, पंपावरचं पोरगं डिझेलच्या फडक्यानं पुसतं, आणि हे सगळं डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तू आधी बंपरचा वास घ्यायचास. पार नाक टेकवून. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायची.

तो ओतूरचा पाहुणा आठवतो? बंपर इतका लखलखीत की मलाच कौतुक वाटलं. तू वास घेतलास आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलास.

"पावणं, खरं सांगा. काय चोळलंय?"

"कुठं काय? काय न्हाई."

"न्हाई कसं? सांगा, मी पोलीस न्हाई."

"जरा खोबरेल लावलं व्हतं," पाहुणा ओशाळला. "तुमच्याकडं आणायची, तर गाडी कळकट दिसत व्हती. आमच्या मंडळी म्हणल्या, अशी नेऊ नका."

त्या पाहुण्याला तू बाकावर बसवून चहा पाजलास आणि त्याच्यादेखत बंपर तीनदा धुतलास. आधी कोमट पाणी आणि साबण. मग दोन फडकी, एक ओलं, एक कोरडं, आणि पुसायचं ते एकाच दिशेनं. मागंपुढं केलं की निघालेली घाण परत बसते म्हणायचास. मग भांडी घासायच्या घासणीसारख्या जाळीनं सगळीकडून हलकं घासायचं, चमक मरेपर्यंत. आणि शेवटी तांब्याभर पाणी वरून सोडायचं. पाणी चादरीसारखं पसरून राहिलं तर बंपर स्वच्छ. थेंब थेंब होऊन पळालं तर अजून तेल आहे, चला परत साबण. एवढं झालं की कुणी हात लावायचा नाही. मी बोट जरी नेलं तरी तू खेकसायचास, "भिवा, हात!"

त्यानंतर तू तो प्लास्टिकचा प्रायमर मारायचास, त्याच्यावर माझा पहिल्या दिवसापासून डोळा होता. दिसायला निव्वळ पाणी. मारला काय, न मारला काय, बंपर काळाच्या काळा. त्याच्या जोरावर रंग प्लास्टिकला धरतो असं तू सांगायचास, आणि रंगात वर आणखी एक औषध घालायचास, बंपर वाकला तर रंगानंही वाकावं म्हणून. मला हे सगळं थोतांड वाटायचं. पत्र्याचं बरं असतं, ठोकला की कळतं सरळ झाला का नाही. एकदा तू जेवायला गेलास तेव्हा मी प्रायमरच्या बाटलीवर पेन्सिलनं रेघ मारली, तू खरंच वापरतोस का बघायला. दुसऱ्या दिवशी बघतो तर माझ्या रेघेच्या खाली तुझी एक रेघ, आणि तिच्यापुढे तुझी सही. 

पण टिकला रंग. तू गिऱ्हाइकादेखत रंगवलेला बंपर गुडघ्याला लावून वाकवायचास, गिऱ्हाईक "अहो अहो" करायचं, आणि रंगाला केसाएवढी चीर पडायची नाही. जुन्नर, ओतूर, घोडेगाव, कुठून कुठून गाड्या यायला लागल्या. मला तेव्हा तुझा अभिमान वाटायचा. तोही मी कधी बोलून दाखवला नाही, कारण तू आणखी चढून बसला असतास.

मग तो हिवाळा आला. दिवाळीनंतरची थंडी पडली आणि आपले बंपर बिघडायला लागले. एकावर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे, दुसऱ्याचा कोपरा सोलला, तिसरा तर धुताना पाण्याच्या फवाऱ्यानंच गेला. तू वेडापिसा झालास. थिनर बदललास, फडकी बदललीस, हवेच्या नळीतून तेल येतंय म्हणून कॉम्प्रेसर खोललास, साबणावर संशय, पाण्यावर संशय. मी मात्र तुझ्याकडे बघत होतो. कारण त्याच दिवसांत कुणी तरी मला सांगितलं होतं की सोपान पेंटर नारायणगावला गाळा बघतोय. झालं. माझ्या डोक्यात दोन आणि दोन चार झाले. याला वेगळं व्हायचंय, आणि जायच्या आधी शेडचं नाव बुडवून जायचंय. तू रंगांच्या कपाटाला कुलूप लावायला लागलास, त्याचाही मी तोच अर्थ काढला.

आता जे सांगतो ते तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. तू एकदा बोलता बोलता म्हणाला होतास की गार प्लास्टिक प्रायमर घेत नाही. मी ते मनात धरून ठेवलं. संध्याकाळी तू बंपर घासून, पुसून, पाणी सोडून बघून घरी जायचास. सकाळी येऊन नुसती हवा मारून प्रायमर चढवायचास. आणि रात्रभर पत्र्याच्या शेडमध्ये तो बिचारा गारठायचा. म्हणून त्या हिवाळ्यात थंडी पडल्या दिवसापासूनच, तू गेलास की मी बंपरवर माझ्या बापाची घोंगडी पांघरायचो. सकाळी तू यायच्या आत काढून ठेवायचो, कारण तुझं ते "भिवा, हात!" मला ऐकायचं नव्हतं. आमच्यात घोंगडीला विटाळ नसतो, सोपान. सुतकातसुद्धा ती चालते, देव तिच्यावर बसतो. तिला साबण लावत नाहीत, उन्हात टाकून झटकली की झालं. तिच्याइतकं स्वच्छ पांघरूण जगात दुसरं असेल, असं माझ्या स्वप्नातही आलं नसतं. मला वाटायचं, तुझी कामं बिघडतायत तरी मी बघ किती मदत करतोय.

तू साबणावर संशय घेतलास, पाण्यावर घेतलास, वाऱ्यावर घेतलास. बंद शेडवर तेवढा घेतला नाहीस. शेडची किल्ली माझ्याकडे असायची.

एका सकाळी मी कुलूप काढायला आलो तर तू आधीच दारात. मी घाईनं आत शिरून घोंगडी ओढली आणि काखेत मारली. "लई गारठाय," असं काहीतरी म्हणालो. तू माझ्याकडे बघितलंस, मग बंपरजवळ जाऊन त्याच्यावरून काहीतरी चिमटीत उचललंस आणि दाराच्या उजेडात धरलंस. मी मनात म्हटलं, आता हा माझ्या कामात खोट काढणार.  त्या दिवशी तू तो बंपर प्रायमर न मारता पुन्हा पहिल्यापासून धुतलास.

दुसऱ्या दिवशी समोरच्या बबनच्या हॉटेलात मी तोंड सोडलं. पोराच्या लग्नासाठी आपल्याकडून गाडी रंगवून नेलेला एक नवरदेवाचा बाप, बंपर सोलला म्हणून चिडून तिथं बसलेला, आणखी आठ-दहा जण. मी म्हणालो, "ह्यो मुद्दाम करतोय. नारायनगावला गाळा घ्यायचाय याला. हितलं दुकान बुडवून जायाचं हाय." तू चहा पीत होतास.

"मुद्दाम?" तू विचारलंस.

"मंग काय? न्हाई म्हन."

तू कप खाली ठेवलास. अर्धा चहा तसाच होता. "बरं," म्हणालास, आणि शेडमध्ये जाऊन तुझी स्प्रे गन पिशवीत घातलीस.

एवढंच. न्हाई म्हणाला नाहीस म्हणून सगळ्यांना पटलं, आणि सगळ्यांना पटलं म्हणून मलाही आणखी पटलं. मंचरची बातमी नारायणगावला जायला एसटीची एक फेरी पुरते. तिथं तुझ्या गाळ्यावर गाडी घेऊन आलेला माणूस आधी विचारायचा म्हणे, "तुमीच ना ते, मुद्दाम करनारं?" वर्षभर तुझ्याकडे बंपर आला नाही. ट्रॅक्टर आणि पाण्याच्या टाक्या रंगवल्यास. हे मला तेव्हा कळलं होतं. आणि मी म्हणालो होतो, बरं झालं.

मी खेडहून दुसरा पेंटर आणला. थंडीत त्याचेही बंपर बिघडले. मी त्याच्यावरही संशय घेतला, तोही गेला. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी शेड उघडली तर तिसऱ्या पेंटरनं धुऊन ठेवलेल्या बंपरवरची घोंगडी घसरून अर्धी खाली आलेली. का कोण जाणे, तुझी सवय आठवली आणि मी तांब्याभर पाणी सोडलं. उघड्या राहिलेल्या अर्ध्या भागावर पाणी चादरीसारखं पसरलं. घोंगडीखालच्या भागावर थेंब थेंब होऊन पळालं. मी घोंगडी बोटांत चोळली आणि बोटं गाडीच्या काचेवर टेकवली. पाचही बोटांचे तेलकट डाग उमटले. लोकरीचं तेल. आमच्या घोंगडीतून पाऊस आत येत नाही तो त्याच तेलामुळे, हे मला लहानपणापासून माहीत होतं रे! बापानं शंभरदा सांगितलं होतं. पण ते मेंढरांचं ज्ञान होतं, गाड्यांच्या कामात ते कशाला आठवेल?

त्या सकाळी मी बाकावर बसून राहिलो. मला तुझी माफी मागावीशी वाटली नाही, खोटं कशाला बोलू? मला आधी तुझी भीती वाटली. तू आता आयुष्यभर हसणार, बबनच्या हॉटेलात बसून सगळ्यांना सांगणार, भिवा डेंटरनं बंपरला घोंगडी पांघरली! तरी एकदा एसटीनं नारायणगावला आलो होतो. रस्त्याच्या पलीकडून बघितलं. तोंडाला साधा रुमाल बांधून तू गन चालवत होतास. कितीदा सांगितलं होतं, मास्क घे, मास्क घे. तू वर बघितलंस असं मला वाटलं, आणि मी आलेल्या एसटीत चढलो. ती मंचरची नव्हती, जुन्नरला चालली होती.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी मी शांतावहिनींकडे गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. घोंगडी, पाणी, तेल, सगळं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

"त्यास्नी ठावं व्हतं," त्या म्हणाल्या.

"काय ठावं व्हतं?"

"काय ते न्हाई सांगितलं. पर एक दिवस घरी आलं ते हसतच आलं. म्हणले, शांता, सापडलं. काळा धागा व्हता चिमटीत. मी इचारलं, काय सापडलं? तर म्हणले, काय न्हाई, उद्या भिवाशी बोलतो. आन् दुसऱ्या दिवशी आलं ते गनची पिशवी घिऊनच."

तेव्हापासून मला झोप नाही, सोपान. म्हणजे हॉटेलात मी तुझ्यावर आळ घेत होतो तेव्हा खरं काय ते तुझ्या खिशात होतं. एक शब्द बोलला असतास तर मी तिथल्या तिथं तोंडावर आपटलो असतो. का बोलला नाहीस? वहिनी म्हणतात, तुमच्या वडलांची घोंगडी, तुमाला वाईट वाटलं असतं म्हणून. वहिनींनी म्हणावं तसं, पण मी तुला ओळखतो. तू इतका साधा नव्हतास. तुला गाळा घ्यायचाच होता, आणि माझ्याकडून निघायला तुला कारण सापडत नव्हतं. मी ते आयतं हातात दिलं. असं असेल. किंवा तुझा अपमान झाला आणि तू मनात म्हणालास, बस आता बोंबलत, तुझे बंपर सोलत राहू देत. तसंही असेल. आणि वहिनी म्हणतात तेही असेल. मी तिन्ही बाजूंनी तुझा वास घेऊन बघतो, आणि मला काहीच कळत नाही. तुझा राग येतो. आणि तू समोर असतास तर पाया पडलो असतो, हेही खरं आहे.

मी ठरवलं, दशक्रियेला सगळ्यांसमोर सांगायचं. मनात असंही होतं की कावळा काही लवकर शिवणार नाही. तुझं माझ्याकडे राहिलंय, तू अडून बसणार, लोक ताटकळणार, आणि मी पुढं होऊन म्हणणार, सोपान, चूक माझी होती. मग कावळा येणार. मी वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. पिंड ठेवला, माणसं मागं सरली, मी दोन पावलं पुढं झालो, घसा खाकरला, आणि तेवढ्यात कावळा आला. बसला, खाल्लं, उडाला. इतक्या लवकर मी आमच्या भागात कधी बघितलेलं नाही. "सुटलं सोपानभाऊ," लोक म्हणाले. मी तोंड उघडं टाकून उभा. तुझं माझ्याकडे काहीच राहिलं नव्हतं? का माझं ऐकायचंच नव्हतं तुला?

मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. सोसायटीचे चेअरमन बोलले, पंचायत समितीचे कुणी बोलले. त्यांनी तुझं नावसुद्धा दोनदा चुकवलं. मी माइक मागून घेतला.  समोर बबन हॉटेलवाला बसला होता, त्या दिवशीचे आणखी तिघे-चौघे होते. मी सगळं सांगितलं. घोंगडी मी पांघरत होतो. बंपर माझ्यामुळे बिघडले. सोपाननं मुद्दाम काहीही केलं नाही, त्याच्याइतकं चोख काम करणारा माणूस मी बघितला नाही, आणि मी त्याच्यावर खोटा आळ घेतला. एवढं सांगून माइक खाली केला.

 मग सूत्रसंचालकानं माइक घेतला आणि म्हणाला, "याला म्हणतात मोठं मन! गेलेल्या मित्रासाठी त्याची चूक आपल्या अंगावर घ्यायला काळीज लागतं." काही जणांनी माना डोलावल्या. मी "न्हाई, न्हाई, खरंच" म्हणत राहिलो. बबन जवळ आला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "जाऊं द्या, भिवाभाऊ. मान्सानं मेल्यावर कुनाचं वंगाळ बोलूच नये. लई चांगलं केलं तुमी. पर घोंगडीनं कुटं रंग जातो व्हय?"

बायकांच्या बाजूला शांतावहिनी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. परत येताना जीपमध्ये दोघे जण माझ्याच मोठेपणाबद्दल बोलत होते. बबनच्या हॉटेलात आता हे आणखी सांगितलं जाईल, की तो पेंटर तसा मुद्दामच करायचा, पण डेंटर बघा कसा, शेवटपर्यंत मैत्रीला जागला.

पाच वर्षांपूर्वी मी त्याच माणसांसमोर खोटं बोललो होतो, सोपान. तेव्हा कुणीही, एकानंही, शंका काढली नव्हती.